लेखी द्या

माझ्या कपाटात एक चिठ्ठी आहे. पाठकोऱ्या कागदाचा तुकडा. वर हिंदीत लिहिलंय, 'आज मेथी नहीं आई', त्याखाली तारीख, आणि तारखेखाली आमच्या सेक्टरमधल्या भाजीवाल्याची सही. सही म्हणजे त्याने आपलं नावच सावकाश लिहिलंय, आणि कागद संपल्यामुळे शेवटचं अक्षर खाली घसरलंय. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको ती चिठ्ठी बाहेर काढते, वाचते आणि परत जागेवर ठेवते.

ती चिठ्ठी बाईंनी लिहून घेतली होती. बाई म्हणजे आमच्या समोरच्या दारातल्या वकीलबाई. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं. बाई मूळच्या वाईच्या. लग्न केलेलं नाही, वय सत्तरीच्या पुढे, उंची बेताची. थंडीत पायात मोजे आणि वर कोल्हापुरी चप्पल, त्यासाठी प्रत्येक मोज्याला अंगठ्याशी कात्री लावलेली. गळ्यात पुरुषी मफलर. चहा स्टीलच्या पेल्यातून, तोही पेला टेबलाला चिकटेल इतका गोड.

आणि तोंडात एकच वाक्य. लेखी द्या. प्लंबर म्हणाला, आज पाणी येणार नाही, की लेखी द्या. गॅसवाला म्हणाला, सिलिंडर उद्या, की लेखी द्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा जिन्यात त्यांना "हॅपी न्यू इयर, मॅडम" म्हटलं, तर त्याच्याकडेही त्यांनी क्षणभर तशाच नजरेने पाहिलं. मिळालेला प्रत्येक कागद त्या स्वयंपाकघरातल्या तारेला टोचून ठेवत. वाण्याच्या दुकानात बिलं टोचायची असते ना, तसली तार. भाजीवाला पहिल्या वर्षी भांडला, दुसऱ्या वर्षी हसला आणि तिसऱ्या वर्षी स्वतःच पेन घेऊन येऊ लागला.

मी फौजेत क्लर्क होतो. कोरेगावजवळच्या गावातून भरती झालो आणि चोवीस वर्षं टाइपरायटर, मग कॉम्प्युटर, आणि फायली यांच्याशी लढून हवालदार म्हणून दिल्ली कॅन्टमधून बाहेर पडलो. मुलाची शाळा चालू होती, म्हणून गावी न जाता एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी धरली आणि द्वारकेत भाड्याने राहिलो. सामान चढवत होतो तेव्हा समोरचं दार सताड उघडं होतं. बाई दारात येऊन म्हणाल्या, "मराठी दिसता. काय होतात फौजेत?"

"हवालदार. क्लर्क."

"म्हणजे बंदूक कमी, कार्बन पेपर जास्त."

मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला. त्या दिवसापासून त्या मला 'अहो हवालदार' म्हणू लागल्या. फौजेतला हवालदार आणि पोलिसातला हवालदार यांत फरक असतो, हे मी त्यांना तीनदा तरी समजावलं. त्या म्हणत, लेखी द्या.

माझं त्यांच्याविषयीचं पहिलं मत काही चांगलं नव्हतं. सेक्रेटरीने आल्या आल्याच कानात सांगितलं होतं, "सामनेवाली मॅडम से ज़रा दूर रहना. सरकार ने उनका बाहर जाना बंद कर रखा है." मी चोवीस वर्षं सरकारचं मीठ खाल्लेला माणूस. सरकार उगाच कुणाला अडवत नाही, असं मला मनापासून वाटायचं. बायकोला म्हटलं, नमस्कार-चमत्कार ठेव, पण वाटी इकडची तिकडे नको. आठ दिवसांत बायकोची वाटी तिकडे गेली आणि बाईंचं लिंबाचं लोणचं इकडे आलं.

हळूहळू कळलं ते असं. बाईंवर केस अशी कुठलीच नव्हती. केसेस होत्या त्या दुसऱ्यांच्या, आणि त्या बाई लढत. खटला सुरूच न होता वर्षानुवर्षं तुरुंगात बसलेली माणसं, त्यांच्या बायका, त्यांचे म्हातारे बाप. एक माणूस कोठडीत मेला, त्याच्या आईचा हात धरून बाई कोर्टाच्या पायऱ्या चढल्या आणि दोन वर्षं चढतच राहिल्या. त्यावर बोलायला त्यांना परदेशातल्या एका सभेने बोलावलं, आणि विमानतळावर त्यांना पहिल्यांदा अडवलं. लुकआउट नोटीस निघाली आहे, एवढंच समजलं. कुणी काढली, का काढली, कधीपर्यंत आहे, काही नाही. हे सगळं आम्ही तिथे राहायला जायच्या आधीचं.

खाली गेटपाशी साध्या कपड्यांतला एक माणूस अधूनमधून उभा असे. बाई कुठे जातात, कोण येतं, हे टिपून घ्यायचं त्याचं काम. एका जानेवारीत तो थंडीने काकडत होता, तर बाईंनी त्याला वर बोलावून चहा दिला आणि समोर बसवून सांगितलं, "लिखो भाई. कल ग्यारह बजे कोर्ट. वहाँ से मुनिरका, एक लड़की मेरे लिए टाइप करती है. शाम को वापस."

"मॅडम, आप तो मेरी नौकरी आसान कर देती हो."

"एक कॉपी मुझे भी देना. साइन करके."

"वो नहीं दे सकता, मॅडम," तो बिचारा खरोखर ओशाळून म्हणाला. पुढच्या आठवड्यापासून आठवड्याचा कार्यक्रम बाईच कागदावर लिहून गेटवर ठेवू लागल्या. दाराला त्या कधी कुलूप लावत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "झडतीला आले तर दार तोडतील. चांगलं सागाचं आहे."

आमची खरी ओळख झाली ती एका शनिवारी. सकाळी साडेनऊला बाई आमच्या दारात, पाठीमागे चाकांची मोठी निळी बॅग. बोलावलेली टॅक्सी आली नव्हती. "अहो हवालदार, गाडी चालू आहे का तुमची?" पावणेदोनचं विमान होतं, लंडनमार्गे टोरांटो. टोरांटोला त्यांची ताई राहायची, सख्खी मोठी बहीण. बायकोने बाईंच्या हातावर दही घातलं. बाई म्हणाल्या, "यावर माझा विश्वास नाही, पण दही चांगलं लावतेस." मी त्यांना सोडलं आणि सुट्टीच आहे म्हणून पार्किंगमधल्या एका खांबाशी गाडी लावून चहा घेत बसलो. सव्वा बाराला फोन आला. "लांब गेला नसाल तर या परत."

बॅगेसकट बाई बाहेर उभ्या होत्या. मफलर नीट, चेहरा नीट. काय झालं, विचारलं. म्हणाल्या, "पासपोर्ट बघितला, आत जाऊन विचारून आला, म्हणाला नाही जाता येणार. वरून ऑर्डर आहे."

"मग कागद दिला का?" मी विचारलं.

यात माझी काही हुशारी नव्हती. फौजेत माणूस शेजारच्या युनिटमध्ये गेला तरी हातात मूव्हमेंट ऑर्डर लागते. जायला कागद, यायला कागद, रोखायलाही कागद. कागदाशिवाय कुणी कुणाला अडवू शकतं, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. बाई गाडीचं दार धरून माझ्याकडे बघतच राहिल्या.

"इतकी वर्षं लोक मला विचारतात, तुम्ही काय केलं होतं? कागद दिला का, असं विचारणारे तुम्ही पहिले."

"नाही दिला?"

"मागितला. तर म्हणाला, लिहून द्यायची ऑर्डर नाहीये."

घरी येईपर्यंत मी एकटाच बडबडत होतो. हे बेकायदा आहे, असं कसं चालेल, कुठल्या नियमाखाली. बाई खिडकीबाहेर बघत हसत होत्या. त्यांना हे सगळं पाठ होतं, मला नवीन होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी बॅगेतला फक्त वरचा कप्पा उघडला. पातळ पोह्यांचा चिवडा, डिंकाचे लाडू, मेतकूट, सगळं ताईसाठी केलेलं. ते मजल्यामजल्यावर वाटलं गेलं. खालचा कप्पा कधी उघडत नसत. त्यात ताईसाठी माक्याच्या तेलाची बाटली, शिकेकाई आणि एक राखाडी स्वेटर होता. पुढे हा सोसायटीचा नेमच होऊन बसला. बाई बॅग घेऊन निघाल्या की पोरं विचारत, "आंटी, आज लड्डू मिलेगा?" बाई म्हणत, "बहुत चान्स है." मला त्या वेळी ते गमतीचं वाटायचं.

ताईला दर सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. ती येणं शक्यच नव्हतं, म्हणून जायचं ते बाईंनीच. पण घोडं अडलं होतं ते दुसरीकडेच. ताईचा विश्वासच बसत नव्हता. बाई फोन स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटत, आणि उघड्या दारातून सगळं आमच्याकडे ऐकू येई.

"तुला कशाला कोण अडवेल?" ताई म्हणे. "तू काय दरोडेखोर आहेस?"

"अगं, खरंच अडवलं."

"मग काहीतरी पत्र दिलं असेल. ते दाखव."

"पत्र देत नाहीत ताई."

"तुला यायचंच नाहीये. तसं सरळ सांग."

ताईचा मुलगा तिथेच, त्याने समजावून पाहिलं. ताई त्याला म्हणाली, तू लहानपणापासून मावशीचाच वकील. व्हिडिओ कॉल लावला की ती फोनचा कॅमेरा छताकडे करून ठेवायची. बाईंना दिसायचा तो तिथला पांढरा पंखा. त्या पंख्याशी त्या अर्धा अर्धा तास बोलायच्या, पाणी आलं की नाही ते, मेथी महाग झाली ते, सगळं.

द्वारकेवरून विमानं खूप खालून जातात. नवीन माणूस दचकतो, आम्ही बोलणं थांबवतो आणि विमान गेलं की तोडलेल्या शब्दापासून पुढे बोलतो. दुपारी दोनच्या सुमाराला बाई गॅलरीत खुर्ची टाकून बसत. एक मोठं विमान जाई. ते पावणेदोनचंच असेल याची काही खात्री नव्हती, पण बाई म्हणत, "हे माझं." एका रविवारी मी तिथे बसलो होतो. विमान गेलं, आणि त्यांनी आपणहून सांगितलं.

त्यांची आई गेली तेव्हा ताई टोरांटोहून पाचव्या दिवशी पोचली. आई तिची वाट बघत गेली होती. ताई म्हणाली, बर्फ पडत होतं, विमानं बंद होती. बाई तेव्हा नुकत्या वकील झालेल्या, चार रात्रींची जागरणं, आईचं करून करून चिडलेल्या. पन्नास माणसं घरात. सगळ्यांसमोर त्या ताईला म्हणाल्या, "विमानं बंद होती, असं लेखी आणलंयस का?"

"ती काही बोलली नाही हो," बाई म्हणाल्या. "आत जाऊन आईची पातळं घड्या करत बसली. आता तीच मला विचारते आहे. बरोबरच आहे तिचं."

मग मफलर सारखा करत म्हणाल्या, "तेव्हापासून मी सगळ्यांकडे लेखी मागते. भाजीवाल्याकडे, प्लंबरकडे, सगळ्यांकडे. म्हटलं, सगळ्यांकडे मागितलं तर तिला एकटीला मागितलं असं राहणार नाही."

मी त्यांना तोवर विक्षिप्त समजत होतो. त्या दिवशी मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि माझ्या आधीच्या हसण्याची लाज वाटली.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट विचारली. "बाई, फॉर्ममध्ये आपण 'निल' लिहितो, त्याला मराठीत काय म्हणायचं?"

"निरंक. आमचे बाबा मामलेदार कचेरीत होते. घरात डबा उघडला आणि साखर संपलेली असली तरी म्हणायचे, साखर निरंक. आईने विचारलं, भूक आहे का, तर भूक निरंक. का हो?"

"ऑफिसात लागतंय," मी खोटं बोललो.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत मी कॉम्प्युटरवर दाखला तयार केला. असे दाखले मी हजारो टाइप केलेत, हात आपोआप चालतो. 'प्रमाणित करण्यात येते की खाली नमूद केलेली व्यक्ती माझ्या समक्ष प्रवासाच्या संपूर्ण सामानासह विमानतळाच्या आत गेली व सुमारे दोन तासांनी परत आली.' मी स्वतः नेलेल्या चार खेपांच्या चार ओळी, तारखेनिशी. पुढे रकाने. कुठून, कुठे, कशासाठी. 'कशासाठी' खाली लिहिलं, बहिणीस भेटण्यासाठी. 'कोणी अडवले' खाली, नाव सांगितले नाही. शेवटचा रकाना होता 'अडवण्याचे कारण'. क्लर्कच्या हाताला एकच शिस्त असते, रकाना रिकामा सोडायचा नाही. मी टाइप केलं, निरंक.

सही करायची वेळ आली तेव्हा बायको पाठीमागे उभी होती. आमच्या मुलाची तेव्हा फौजेत निवड झाली होती आणि पोलीस व्हेरिफिकेशन बाकी होतं. ती म्हणाली, "नाव तुमचं जाणार आहे त्यावर."

"माहीत आहे."

"पोराचं अडलं तर?"

मी पेनाचं टोपण काढलं. ती तशीच उभी राहिली. मग आत गेली आणि माझा शिक्का घेऊन आली. नाव, हवालदार क्लर्क, निवृत्त, असा शिक्का मी निवृत्तीनंतर हौसेने करून घेतला होता आणि तोवर त्याचा उपयोग काहीच झाला नव्हता. ताईचा पत्ता बाईंच्या बॅगेवरच्या चिठ्ठीवर होता. सकाळी स्पीड पोस्ट केलं. मुलाचं व्हेरिफिकेशन पुढे झालं, पण त्या तीन महिन्यांत मी दारावरची बेल वाजली की दचकत होतो, हे खरं सांगतो.

पंधरावीस दिवसांनी संध्याकाळी समोरून फोनची रिंग ऐकू आली, आणि मग ताईचा आवाज.

"हे निरंक कुणी लिहिलंय?"

"काय निरंक?" बाईंना काहीच माहीत नव्हतं.

"इथे कागद आलाय. शिक्का आहे. अडवण्याचे कारण, निरंक. हा बाबांचा शब्द आहे. कुणी लिहिला?"

बाई पोळपाट सोडून फोन घेऊन आमच्या दारात आल्या. पिठाचे हात. मी खाली मान घालून उभा.

"आमच्या हवालदारांनी."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ताई म्हणाली, "चार वेळा गेलीस?"

"यांच्या गाडीतून चार वेळा. त्याच्या आधीचं वेगळं."

फोनच्या पडद्यावर छतावरचा पंखा हलला, भिंत दिसली, आणि मग एक चेहरा आला. पांढरे केस विरळ झालेले, नाक अगदी बाईंचं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ताई म्हणाली, "किती म्हातारी झालीस गं." बाई म्हणाल्या, "तू काय तरणी आहेस?" मी आणि बायको आत निघून आलो. भाजी लागली होती, ती तशीच खाल्ली.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतात. बाई रोज फोनवर. कधी भांडण, कधी लहानपणची गाणी, कधी दोघी नुसत्या शेंगा सोलत बसलेल्या, एक द्वारकेत आणि एक टोरांटोत. पण एक झालं. तोवर ताई रुसलेली होती, आता ती वाट बघू लागली. "तू आलीस की माझ्या डोक्याला तेल लाव," असं ती रोज म्हणायची. "इथली नर्स नुसतं चोपडते." बाई म्हणायच्या, बाटली बॅगेतच आहे.

बाईंनी कोर्टात अर्ज केला होता. तारखा पडत होत्या. कारण काय, हे सरकारी वकील बंद लिफाफ्यातून जज्जसाहेबांना द्यायचे, बाईंना नाही. दुसऱ्यांच्या इतक्या केसेस लढलेल्या बाई स्वतःच्या केसला मागच्या बाकावर बसून असत. शेवटी एकदा कोर्टाने परवानगी दिली. तीन आठवड्यांसाठी जाऊन यावं. लेखी. शिक्क्यासकट. बाईंनी तो कागद आम्हाला वाचून दाखवला तेव्हा त्यांचा आवाज शाळेतल्या मुलीसारखा झाला होता. बायकोने दोन्ही हातांवर दही घातलं.

मी नेहमीच्या खांबाशी थांबलो. थर्मासमध्ये चहा होता, म्हटलं आज एकट्यालाच प्यावा लागणार. दोन तास पाच मिनिटांनी फोन आला.

काउंटरवरच्या मुलाने कागद वाचला होता. चांगला मुलगा होता, बाई म्हणाल्या, उभं राहून बोलला. "मॅडम, ऑर्डर ठीक होगा. पर सिस्टम में नहीं आया है." बाईंनी सांगितलं, मग सिस्टीममध्ये आलेलं नाही एवढं तरी लिहून द्या. तो म्हणाला, "लिखने का ऑर्डर नहीं है, मॅडम." आणि पासपोर्ट परत दिला.

आधीच्या प्रत्येक खेपेला परतताना त्या बोलायच्या, काउंटरवरच्यांच्या नकला करायच्या. त्या दिवशी गाडीत एक शब्द नाही. आमच्या सेक्टरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "हवालदार, ताईला काय सांगू?"

सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न दिला, मी गाडी पुढे काढली. अजूनही त्या सिग्नलला थांबलो की तो प्रश्न ऐकू येतो.

सिस्टीममध्ये ती ऑर्डर यायला जे दिवस लागले त्यांत तीन आठवडे संपले. पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख. त्या हिवाळ्यात बाई थकल्या. गॅलरीतली खुर्ची मात्र सोडली नाही. धुक्यात विमान दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा, तरी म्हणायच्या, हे माझं.

एका सकाळी आठ वाजता बायको वाटीभर उपमा घेऊन गेली. दार नेहमीसारखं उघडंच होतं. बाई पलंगावर निजलेल्या होत्या, पायांत मोजे, आणि उपमा तसाच हातात घेऊन बायको परत आली. वाटी ओट्यावर ठेवली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

ताईला फोन मी केला. ताई म्हणाली, "हवालदार, खरं सांगताय ना?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग लेखी नको."

तारेवर सगळ्यांत वर एक नवा कागद टोचलेला होता. 'माझी राख ताईकडे पोचवावी. धार्मिक काही करू नये. निळी बॅग तशीच द्यावी. हे लेखी देत आहे.' खाली सही. साक्षीदार म्हणून माझं नाव, मला न विचारता.

ताईचा मुलगा आला. राख परदेशी न्यायला कागद लागतात. मृत्यूचा दाखला, स्मशानातला दाखला, वकिलातीचं पत्र. ते गोळा करायला मी त्याच्याबरोबर गेलो, मनाची पूर्ण तयारी करून, रांगेसाठी पाण्याची बाटली आणि पुस्तक घेऊन. सगळं चार दिवसांत झालं. एका खिडकीवर बाबूने कागदावर शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि मला विचारलं, "कितनी कॉपी चाहिए?"

मी त्या शिक्क्याकडेच बघत राहिलो. भाच्याने पुढे होऊन सांगितलं, चार.

तो निघाला त्या दिवशी पावणेदोनचंच विमान होतं. बायकोने पुन्हा चिवडा केला, लाडू केले, निळ्या बॅगेचा वरचा कप्पा भरला. खालचा उघडला नाही. तांब्याचा लहान कलश भाच्याने छातीशी धरला होता. बायको दह्याची वाटी घेऊन दारापर्यंत आली आणि त्या कलशाच्या झाकणावर दह्याचा ठिपका लावला. बाई नक्की काहीतरी बोलल्या असत्या.

त्यांना सोडून मी पार्किंगमध्ये त्याच खांबाशी गाडी लावली. थांबायचं काही कारण नव्हतं. सव्वा बारा वाजले, फोन हातात धरून बसलो. साडेबारा वाजले. माझं मन मूर्ख, त्याला वाटत होतं, आता फोन येईल, या परत. एकला भाच्याचा मेसेज आला. 'बसलो विमानात. कुणी काही विचारलं नाही.' मी थर्मास उघडला आणि दोन्ही कप भरले. एक प्यालो. दुसरा गार होईपर्यंत तिथेच बसून राहिलो, आणि रडलो. पन्नाशी उलटलेला फौजी, पार्किंगच्या पावतीवर जादा पैसे लागेपर्यंत.

बाईंचं घर रिकामं करताना तारेवरची मेथीची चिठ्ठी मी ठेवून घेतली. आता समोरच्या घरात नोएडाला नोकरी करणारं एक जोडपं आलंय. भली माणसं आहेत, दार लावून घेतात. भाजीवाल्याने मागे एकदा विचारलं, "मेथी नहीं है, लिख दूँ क्या?" मी म्हटलं, लिख दे. कोणी मला विचारलं, तुझ्या आयुष्यात तुला काय परत हवंय, तर मी युनिट म्हणणार नाही, गाव म्हणणार नाही. एका शनिवारी सव्वा बाराला आलेला तो फोन म्हणेन. पण तोही नको. बाई त्या दिवशी परत यायला नको होत्या, हेच खरं. मला त्या हव्या आहेत म्हणून मी त्यांना परत आणू कसा?

भाच्याला सोडून विमानतळावरून घरी आल्यावर मी कॉम्प्युटर उघडला होता. ताईला दाखला पाठवायचा राहिला होता. 'प्रमाणित करण्यात येते की खाली नमूद केलेली व्यक्ती आज माझ्या समक्ष प्रवासाच्या संपूर्ण सामानासह विमानतळाच्या आत गेली व परत आली नाही.' कुठून, द्वारका. कुठे, टोरांटो. कशासाठी, बहिणीस भेटण्यासाठी. कोणी अडवले, निरंक. अडवण्याचे कारण, निरंक.

सही केली, शिक्का मारला. एक कॉपी ताईला पाठवली आणि एक बाईंच्या तारेला टोचली.